प्रशांत महासागर तापतो, तेव्हा माळव्यात काय होते?

उज्जैनच्या उत्तरेला शिप्रेच्या काठी भैरवगढ आहे. स्थानिक लोक त्याला भेरूगढ म्हणतात. मद्याचा नैवेद्य घेणारा कालभैरव, मध्यवर्ती कारागृह आणि छिपा कारागिरांची ठसेछपाई व बाटिक, एवढ्या गोष्टींसाठी ते बाहेर माहीत असते. मराठी माणसाला आणखी एक गोष्ट आठवते. कालभैरवाच्या मस्तकावरची पगडी महादजी शिंद्यांनी वाहिली, अशी परंपरा आहे. उज्जैन १९४८ पर्यंत शिंद्यांच्या ग्वाल्हेर राज्यात होते, त्यामुळे इथल्या देवळांवर आणि आडनावांवर मराठी ठसा अजून दिसतो.

या वस्तीचे पाण्याशी असलेले नाते विचित्र आहे. बाटिकमध्ये कापडावर मेण लावतात, ते गार रंगात बुडवतात, वाळवतात आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकतात. म्हणजे पाणी भरपूर हवे आणि हवाही कोरडी हवी. सततच्या ओल्या हवेत कापड वाळत नाही, काम रखडते. गावाबाहेरच्या काळ्या मातीतल्या सोयाबीनला मात्र जुलै-ऑगस्टमध्ये नेमाने पाऊस लागतो. शिप्रेचे म्हणाल, तर पावसाळा संपला की ती झपाट्याने आटते.

या सगळ्याचा निकाल ज्या पाण्यावर ठरतो, असे दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रे सांगतात, ते इथून सुमारे पंधरा हजार किलोमीटरवर आहे. एप्रिल आला की एल निनोची बातमी येते आणि मंडईपासून मंत्रालयापर्यंत सगळे त्या शब्दाला दचकतात. ही भीती खरी किती आणि सवयीची किती, याबद्दल गेल्या दीडशे वर्षांत बरेच कळले आहे. ते भैरवगढहून पाहिले, तर दिल्ली-मुंबईहून दिसते त्यापेक्षा थोडे वेगळे दिसते.

आधी यंत्रणा पाहू. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात वारे एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि पृष्ठभागावरचे तापलेले पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. तिथे समुद्र २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तिकडे पेरूच्या किनाऱ्याला खोलातले गार पाणी वर येत असते. गरम समुद्रावर हवा वर चढते, ढग बनतात. ती हवा उंचावरून पूर्वेला जाऊन पेरूच्या बाजूला खाली उतरते. दर दोन ते सात वर्षांनी हे वारे मंदावतात. मग गरम पाणी पूर्वेकडे सरकते आणि ढगांचे मुख्य ठिकाणही त्याच्या मागोमाग हलते. हाच एल निनो. आता इंडोनेशियापासून भारतापर्यंतच्या भागात हवा वर चढण्याऐवजी खाली बसू लागते. खाली बसणारी हवा दबते, तापते, कोरडी होते, आणि तिच्याखाली ढग वाढत नाहीत. मध्य पॅसिफिकच्या एका ठरावीक चौकोनातले तापमान सरासरीपेक्षा अर्ध्या अंशाने वर जाऊन तिथेच टिकले, की शास्त्रज्ञ एल निनोच्या बाजूने कौल देऊ लागतात. अर्धा अंश ही काही मोठी रक्कम वाटत नाही, पण हजारो किलोमीटर पसरलेल्या पाण्यातला तो अर्धा अंश आहे. याच्या उलट स्थिती म्हणजे ला निना, आणि ती साधारणपणे आपल्या पावसाला पोषक असते.

हे सगळे आज चार ओळींत सांगता येते, पण त्यामागे माणसांच्या मरणाचा इतिहास आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने १८७१ पासूनच्या पावसाची जी मालिका तयार केली, तिच्यात सर्वांत कोरडे वर्ष १८७७ हे आहे आणि त्याच्या पाठोपाठ १८९९. दोन्ही एल निनोची वर्षे. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन पोखरली. हवामान खाते तेव्हा नुकतेच, १८७५ मध्ये, स्थापन झाले होते. त्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातला बर्फ आणि पुढचा पाऊस यांचा संबंध लावला आणि १८८६ च्या जूनमध्ये भारतातला पहिला दीर्घ पल्ल्याचा अंदाज प्रसिद्ध केला.

१८९९ ने मात्र माळव्याला गाठले. पाणी आणि धान्य यांची ददात नसलेला मुलूख अशी माळव्याची ख्याती होती. मारवाडात दुष्काळ पडला की लोक गुरे हाकत इकडे येत. विक्रम संवत १९५६ चा तो ‘छप्पनिया’ दुष्काळ आला तेव्हाही ते आले, पण या वेळी आसऱ्याची जागाच कोरडी होती. त्या वर्षी ब्लॅनफर्ड यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला होता. तो साफ चुकल्यावर इतकी टीका झाली, की पुढे काही वर्षे अंदाज जाहीरच होत नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर भारतात आले. ते केंब्रिजचे गणिती होते, हवामानाचे माणूस नव्हते, आणि त्याचाच कदाचित फायदा झाला. हिंदुस्थानातला पाऊस केवळ हिंदुस्थानात पाहून कळणार नाही, हे त्यांनी जगभरच्या वेधशाळांच्या आकड्यांशी झटापट करून दाखवले. हिंदी महासागराच्या बाजूला हवेचा दाब वाढला की पूर्व पॅसिफिकमध्ये तो उतरतो आणि तिकडे वाढला की इकडे उतरतो. तराजूची ही दोन पारडी त्यांना सापडली. १९२४ मध्ये त्यांनी या हेलकाव्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ असे नाव दिले. त्याच सुमारास ते निवृत्त झाले आणि १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हलले. शिवाजीनगरातली ती इमारत पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. वॉकरना दाबाचे हेलकावे सापडले होते, पण ते कशाने होतात हे ठाऊक नव्हते. समुद्राचे तापमान आणि हवेचा दाब हा एकच खेळ आहे, हे जेकब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये मांडले. एल निनो आणि भारतातली अवर्षणे यांची सांगड डी. आर. सिक्का यांनी १९८० मध्ये स्पष्टपणे घातली.

इथे उज्जैनच्याच एका जुन्या रहिवाशाचा उल्लेख टाळता येत नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त पावसाच्या अंदाजासाठी काही अध्याय खर्च केले आहेत. त्याच्या मते मार्गशीर्षापासून ढगांना ‘गर्भ’ राहतो आणि १९५ दिवसांनी त्याचा पाऊस होतो. म्हणून हिवाळ्यातले वारे, ढग, खळी नोंदवून ठेवायची. विज्ञान म्हणून हे टिकत नाही. पण सहा महिने आधीच्या खुणांवरून पुढचा पाऊस ओळखायचा, ही त्याची खटपट आणि वॉकर यांची खटपट यांत मला फार अंतर दिसत नाही. फरक एवढाच, की वॉकर यांच्याकडे आकडे होते आणि ते आकडे पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचेही होते.

नियम सापडला म्हणेपर्यंत अपवादांनी त्याला घेरले. १९६५, १९७२, १९८२, १९८७, २००२, २००४, २००९, २०१५ ही अवर्षणाची वर्षे एल निनोचीच होती. महाराष्ट्र १९७२ अजून विसरलेला नाही. मात्र १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातला सर्वांत प्रबळ गणला गेला आणि त्या वर्षी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. पाचच वर्षांनी, २००२ मध्ये, एल निनो किरकोळ होता. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये तयार झालेले सोळा घटकांचे प्रतिमान तोवर वापरात होते आणि अंदाज १०१ टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात जुलै फार कोरडा गेला, महिनाभरात नेहमीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर थांबला. मोठा एल निनो फुसका निघाला आणि बारक्याने कंबरडे मोडले. दुसऱ्या बाजूने पाहिले, तरी तीच अडचण आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी २०२० मध्ये दाखवले, की गेल्या शतकभरातल्या २३ अवर्षणांपैकी १० एल निनोविना आली होती. त्या वर्षांत ऑगस्टच्या उत्तरार्धात पाऊस अचानक घटतो आणि त्याचा माग उत्तर अटलांटिकमधल्या गार पाण्यापर्यंत जातो.

मग १९९७ ला आपल्याला वाचवले कोणी? एक उत्तर घराजवळच्याच समुद्रात आहे. १९९९ मध्ये एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि तोशियो यामागाता यांनी हिंदी महासागराचे स्वतःचे हेलकावे दाखवून दिले. कधी आफ्रिकेकडची बाजू तापते आणि सुमात्राकडची निवते, कधी त्याच्या उलट होते. पहिल्या प्रकाराला धन ‘इंडियन ओशन डायपोल’ म्हणतात आणि तो बहुधा आपल्या बाजूचा असतो. १९९४, १९९७ आणि २०१९ मध्ये तो जोरात होता. तिन्ही वर्षी पाऊस सरासरीच्या वर राहिला. १९९४ आणि २०१९ मध्ये तर दहा टक्के किंवा त्याहूनही जास्त.

दुसरे उत्तर थोडे वेगळ्या दिशेने येते आणि ते देणाऱ्या शास्त्रज्ञ मूळच्या पुण्याच्या. २०२५ मध्ये निवर्तलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी आयुष्यभर एका शालेय समजुतीशी भांडण केले. जमीन तापते, समुद्र गार राहतो, म्हणून वारे जमिनीकडे येतात आणि पाऊस पडतो, असे आपण सगळे शिकलो. त्यांचा साधा सवाल असा, की तसे असेल तर ज्या वर्षी जमीन जास्त तापते त्या वर्षी जास्त पाऊस पडायला हवा. होते बरोबर उलटे. अवर्षणाच्या वर्षी जमीन अधिक तापलेली असते, कारण पाऊस पडलेला नसतो. मान्सून म्हणजे विषुववृत्तालगतच्या ढगांच्या पट्ट्याचे ऋतूनुसार उत्तरेला सरकणे, ही मांडणी त्यांनी लावून धरली. पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह १९८४ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. समुद्राचे तापमान साधारण २८ अंशांच्या पुढे गेले, की त्यावरचे ढग एकदम वाढतात. पण उंबरठा ओलांडला म्हणून ढग येतीलच असे नाही. समुद्र फक्त मुभा देतो. पुढे त्यांनी विषुववृत्तीय हिंदी महासागरावरच्या ढगांची पूर्व-पश्चिम हालचाल मोजली आणि एल निनोबरोबर तिचाही हिशेब धरला, तर १९९७ आणि २००२ ही दोन्ही कोडी बरीच सुटतात असे मांडले. मला हे काम या सगळ्या साहित्यात सर्वांत पटणारे वाटते, कारण ते एका समुद्राला खलनायक ठरवून थांबत नाही.

आता माळव्याकडे येऊ. उज्जैनला जवळचा समुद्र म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरचे खंभातचे आखात. पण इथला मोठा पाऊस बहुतेक वेळा हजारावर किलोमीटरवरच्या बंगालच्या उपसागरातून येतो. तिथे हंगामात डझनभर कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगड, विदर्भाच्या अंगाने पश्चिमेला सरकतात. माळव्यापर्यंत जे जिवंत पोहोचते ते भरभरून देते, आणि जे जबलपूरलाच विरते त्याचा इथे फक्त ढगाळपणा येतो. उपसागरातच हे का घडते, याचे सुरेख उत्तर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी २००२ मध्ये दिले. मान्सूनचे जोरदार वारे अरबी समुद्र घुसळतात आणि निववतात. उपसागरावर वारे त्या मानाने मंद असतात, शिवाय गंगा-ब्रह्मपुत्रेचे आणि पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. तो हलका थर खालच्या पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे वरचे पाणी पावसाळाभर २८ अंशांच्या वरच राहते. म्हणजे नद्यांतून समुद्रात गेलेले पाणीच पुढच्या पावसाची सोय करते. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

उपसागर तयार असूनही आठवडेच्या आठवडे काही येत नाही, तेव्हा पावसाने ओढ दिली असे आपण म्हणतो. मान्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याशी जातो, बिहार-आसामात पूर येतात आणि माळव्यात भेगा पडू लागतात. हे खंड तीस ते साठ दिवसांत विषुववृत्तावरून पूर्वेकडे फिरणाऱ्या ढगांच्या लाटेशी बांधलेले असतात. १९७१ मध्ये मॅडेन आणि ज्युलियन यांनी ती ओळखली. एल निनो काय करतो? माझ्या समजुतीप्रमाणे माळव्यापुरता त्याचा खरा परिणाम इथे दिसतो: खंड पडण्याची आणि तो लांबण्याची शक्यता तो वाढवतो. हंगामाच्या बेरजेत ही गोष्ट झाकली जाते. पिकाला ती झाकता येत नाही.

२०२३ हे त्याचे ताजे उदाहरण. एल निनो आलेला होता. ऑगस्टमध्ये देशभरात ३६ टक्के तूट पडली. १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. सोयाबीन तेव्हा फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या बेतात असते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी महाकालेश्वराला पावसासाठी साकडे घातले. महिन्याच्या मध्याला उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने उज्जैन-इंदूर पट्ट्याला झोडपून काढले आणि शिप्रेच्या रामघाटावरची देवळे पाण्याखाली गेली. देशाचा हंगाम ९४ टक्क्यांवर संपला. कागदावर हा आकडा वाईट नाही. महिनाभर तहानलेल्या आणि मग आठवडाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या पिकाला त्या ९४ चा उपयोग काय?

२०१९ तर याच्याही पुढचे. जूनमध्ये देशात ३३ टक्के तूट होती. मग हिंदी महासागरातला धन डायपोल चढत गेला आणि सप्टेंबर १९१७ नंतरचा सर्वांत ओला ठरला. शिप्रा चंबळेला मिळते आणि चंबळ गांधीसागरात. त्या धरणाने त्या महिन्यात पातळी ओलांडली आणि मंदसौर-नीमच भागातली गावे बुडाली. मान्सून परतायला लागला तो थेट ९ ऑक्टोबरला. काढणीला आलेले सोयाबीन शेतात उभे असताना. त्या वर्षी ‘११० टक्के पाऊस’ अशी समाधानाची बातमी छापून आली होती.

आणि २०१५. प्रबळ एल निनो, देशात ८६ टक्के पाऊस, मराठवाड्यात ४० टक्के तूट. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली. त्याच एल निनोच्या वर्षी, ४ ऑगस्टच्या रात्री, मध्य प्रदेशात हरद्याजवळ अचानक आलेल्या पुराने रुळाखालचा भराव वाहून नेला आणि दोन एक्स्प्रेस गाड्या घसरल्या. लातूर आणि हरदा यांच्यात साडेचारशे किलोमीटरही नाहीत. समुद्र सगळ्या देशाला एकच हुकूम सोडतो, असे मानणाऱ्यांनी हे वर्ष जवळून पाहावे.

या चित्रात गेल्या काही दशकांत आणखी एक गोष्ट मिसळली आहे. हेलकावे होतात ते पाणीच मुळात तापत चालले आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागर उन्हाळ्यात १.२ अंशांनी तापला. एरवी गार राहणारा हा भाग आता पूर्वेकडच्या गरम पाण्याच्या जवळ येऊ लागला आहे. त्यांच्याच २०१७ च्या अभ्यासानुसार मध्य भारतात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिप्पट झाल्या आणि त्यांची वाफ मुख्यतः अरबी समुद्रावरून येणाऱ्या जोरदार वाऱ्यांच्या झोतातून येते. गोस्वामी यांनी २००६ मध्येच हा कल नोंदवला होता. दुसरीकडे के. कृष्णकुमार, बालाजी राजगोपालन आणि मार्क केन यांनी १९९९ मध्ये एल निनो आणि मान्सून यांचे जुने नाते सैल पडत असल्याचे दाखवले, आणि २००६ मध्ये कृष्णकुमार व सहकाऱ्यांनी सांगितले, की पाणी पेरूजवळ तापते की मध्य पॅसिफिकमध्ये, यावर बरेच अवलंबून आहे; मध्यात तापले तर आपल्याला धोका जास्त. नाते खरोखर सैल होते आहे, की दशकागणिक ढिले-घट्ट होणे हा त्याचा स्वभावच आहे, यावर अजून वाद आहे. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, कारण २००२ ते २०१५ मधल्या अवर्षणांनी पहिल्या बाजूचा युक्तिवाद चांगलाच कमकुवत केला.

अंदाजांची भाषा थोडी सुधारली आहे. हवामान खाते आता देशाच्या एका आकड्यावर थांबत नाही. २०२१ पासून ज्या पट्ट्यातली शेती पावसावरच चालते त्या ‘मान्सून कोअर झोन’चा अंदाज वेगळा येतो आणि माळवा त्यात मोडतो. महिन्यांचे अंदाजही येतात. तरी एक भिंत उभी आहेच. मार्च ते मे या काळात पॅसिफिक पुढे कुठे वळणार हे प्रतिमानांना नीट कळत नाही, आणि नेमके याच दिवसांत शेतकरी बियाणे घेतो, बँक कर्ज देते, वर्तमानपत्रे मथळे छापतात.

उज्जैनला हा प्रश्न लवकरच पुन्हा भिडणार आहे. २०२८ च्या उन्हाळ्यात सिंहस्थ आहे, म्हणजे शिप्रेत पाणी लागणार ते वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत. २०१६ च्या सिंहस्थात ते नर्मदेचे होते. २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या योजनेतून ओंकारेश्वरच्या बाजूचे पाणी सुमारे साडेतीनशे मीटर उंच चढवून इंदूरजवळच्या उज्जैनी गावात, शिप्रेच्या उगमाशी, सोडले जाते. ही तजवीज चांगली आहे, पण ती पावसापासून सुटका नाही. नर्मदा अमरकंटकहून येते, तिचे वरचे पाणलोट पूर्व मध्य प्रदेशात आहे आणि तेही त्याच उपसागराच्या भरवशावर असते. दिलासा एवढाच, की राज्याच्या दोन बाजू दर वर्षी एकत्र उपाशी राहत नाहीत: २०१५ मध्ये पूर्व भागात मोठी तूट होती आणि पश्चिमेला पाऊस साधारण झाला होता. त्यामुळे २०२७ च्या पावसाळ्यात एल निनो असला किंवा नसला, तरी सिंहस्थाच्या पाण्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी पॅसिफिकच्या आलेखाइतकेच जबलपूरच्या बर्गी धरणातल्या सप्टेंबरअखेरच्या साठ्याकडे लक्ष ठेवलेले बरे.